रान विकण्याआधी मॉन्ट्रियलचा हिशेब मांडा

विट्याच्या माणसाला परमुलूख नवा नाही. खानापूर तालुक्यातलं पोर मिसरूड फुटायच्या आत गलाईच्या धंद्याला बाहेर पडतं, ही गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या बघत आलो. दुष्काळानं पोटाला चिमटा काढला, हातात एक पत्र्याची पेटी आली आणि पोरगं कुणा चुलत्याच्या, कुणा मामाच्या दुकानी कधी केरळात, कधी बंगालात जाऊन पोचलं. दिवसा मुशीत सोनं-चांदी आटवायची, तेजाबाचा वास सोसायचा, रात्री त्याच दुकानात अंथरूण टाकायचं. पाळीपाळीनं स्वयंपाक करायचा. वर्षभरात तिथली भाषा तोंडात बसायची. आणि महिन्याच्या महिन्याला गावाकडं पैसे यायचे.

आता त्याच घरातली पोरं वेगळ्या वाटेनं निघालीत. कुणी इंजिनिअर झालंय, कुणी बी. एस्सी. केलंय आणि पुढचं शिकायला कॅनडा, जर्मनी, आयर्लंड अशी नावं घरात ऐकू यायला लागलीत. गलाईवाला पोरगा कमवायला जात होता. हा पोरगा आधी खर्चायला जातो. फरक एवढाच आहे, पण वाचकहो, घर उभं राहतं की बसतं ते या फरकावर ठरतं.

म्हणून आज एकाच गावाचा हिशेब मांडू. गाव कॅनडातलं, क्युबेक प्रांतातलं, मॉन्ट्रियल. मॅकगिल आणि कंकॉर्डिया ही इंग्रजीतून शिकवणारी विद्यापीठं तिथं आहेत, फ्रेंचमधून शिकवणारं मॉन्ट्रियल विद्यापीठही आहे. मॅकगिलची स्थापना १८२१ सालची. गाव चांगलं, शिक्षण चांगलं. पण थंडी हाडात शिरणारी आणि भाषा दोन.

आधी मोठा आकडा

कॅनडा सरकार विद्यार्थ्याला परवाना देताना विचारतं, की फी आणि विमानभाडं सोडून वर्षभर राहण्या-खाण्याचे पैसे तुमच्याकडं आहेत का? पूर्वी बरीच वर्षं हा आकडा १० हजार डॉलर होता. १ जानेवारी २०२४ पासून तो २०,६३५ झाला आणि १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५. क्युबेक प्रांताचा आकडा स्वतंत्र असतो. शिवाय त्या प्रांताचं स्वतःचं एक संमतिपत्र आधी काढावं लागतं. ते नसलं तर पुढचा कागद हलत नाही.

कॅनडाचा डॉलर आपण हिशेबापुरता ६५ रुपयांचा धरू. भाव रोज खालीवर होतो, पण जरा चढा धरलेला बरा. २२,८९५ डॉलर म्हणजे १४ लाख ८८ हजार रुपये झाले. यात फीचा एक पैसा नाही.

आता फी. क्युबेक सरकारनं २०२४ च्या सप्टेंबरपासून परदेशी विद्यार्थ्यांसाठी पदवीच्या आणि नोकरीकडं नेणाऱ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना वर्षाला किमान २० हजार डॉलर अशी फी ठरवली. हा तळाचा आकडा. बऱ्याच विषयांची फी याच्या खूप वर जाते. तळाचाच धरला तरी १३ लाख झाले.

मात्र एक गोष्ट आपल्याकडं फार कमी लोकांना ठाऊक आहे. क्युबेकमध्ये पीएच. डी. करणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला तिथल्या स्थानिक विद्यार्थ्याइतकीच फी पडते. शिवाय संशोधन करणाऱ्याला प्राध्यापकाच्या प्रकल्पातून मानधन मिळण्याचीही शक्यता असते. तुमच्या पोराला खरोखर संशोधनाची ओढ असेल, तर एजंटाच्या रंगीत माहितीपत्रकाआधी ही वाट तपासा. एजंट ती सांगायचा नाही, कारण त्यात त्याला सुटणारं काही नसतं.

महिन्याचा बाजार

समजा, पोरगं तिथं पोचलं. आता महिन्याचा खर्च बघू. हे आकडे काटकसरीनं राहणाऱ्याचे आहेत आणि अंदाजाचे आहेत.

दुसऱ्याबरोबर घर वाटून घेतलं तर एका खोलीचे ७०० डॉलर. घरी करून खाल्लं तर किराणा-भाजी ३००. बस-मेट्रोचा विद्यार्थी सवलतीचा पास ६०. फोन ३५. वीज आणि इंटरनेटचा वाटा ४५. कपडे धुण्याचं मशीन नाणी टाकून चालतं, त्याचे ३०. वह्या, औषध, केस कापणं, एखादा चहा असे किरकोळ ८०. बेरीज झाली १,२५०. बारा महिन्यांचे १५ हजार डॉलर.

त्यात विद्यार्थ्याला सक्तीचा आरोग्य विमा वर्षाला सुमारे ११०० धरा. पहिल्या वर्षी थंडीचे कपडे आणि बूट ४००. एकूण १६,५०० डॉलर, म्हणजे १० लाख ७२ हजार रुपये. तळाची फी मिळवली तर २३ लाख ७२ हजार. विमानाचं तिकीट, परवान्याची फी, अंगठ्याचे ठसे, परीक्षेच्या फिया धरल्या की पहिलं वर्ष २५ लाखाला जाऊन भिडतं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम असेल तर पन्नासाची तयारी ठेवायची.

आकडा मोठा आहे. पण घाबरवायला तो सांगितलेला नाही. घरात बसून, दिव्याखाली, कागदावर तो लिहिला गेला पाहिजे. आपल्याकडं लग्नाचा खर्च कुणी लिहीत नाही आणि मग वरातीच्या दिवशी धावाधाव होते. इथं ती धावाधाव सात समुद्रापलीकडं एकट्या पोराची होते.

दुकानातला भाव वेगळा, बिल वेगळं

मॉन्ट्रियलच्या दुकानात पाटीवर लिहिलेला भाव हा शेवटचा भाव नसतो. गल्ल्यावर गेल्यावर त्यावर दोन कर चढतात. केंद्राचा ५ टक्के आणि प्रांताचा ९.९७५ टक्के. दोन्ही मिळून जवळजवळ १५ टक्के. हॉटेलात जेवलात तर वर वाढप्याला १५ टक्के टिप द्यायची रीत आहे. म्हणजे २० डॉलरचं जेवण २६ ला पडलं. रुपयात १,६९०.

पण तांदूळ, कणीक, डाळ, दूध, अंडी, भाजीपाला अशा कच्च्या जिनसांवर कर नाही. शिजवलेल्यावर आहे. तेव्हा ज्याला भाकरी-आमटी करता येते त्याचा निम्मा हिशेब तिथंच जुळला. माऊली, पोराला निघायच्या आधी तीन महिने चुलीपाशी उभं करा. कुकर किती शिट्ट्यांनी उतरवायचा, फोडणी करपली तर काय करायचं, डाळीत पाणी किती घालायचं, हे त्याच्या हातून होऊ द्या. गलाईच्या दुकानात चौदा वर्षांचं पोर दहा माणसांचा स्वयंपाक करायला शिकत होतं. बावीस वर्षांच्या पदवीधराला वरण-भात का येऊ नये?

पार्क एक्स्टेन्शन नावाचा एक भाग त्या गावात आहे. तिथं भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी, श्रीलंकेच्या लोकांची वस्ती आहे. तूरडाळ, हळद, मोहरी, कणकेची पोती, सगळं मिळतं. आठवड्याला तिथली एक फेरी केली की मोठ्या दुकानातल्या लहान पुड्या घ्याव्या लागत नाहीत. कंकॉर्डिया विद्यापीठात १९९९ साली विद्यार्थ्यांनीच 'पीपल्स पोटॅटो' नावाची शाकाहारी खाणावळ सुरू केली. तिथं जेवणाचे पैसे मागत नाहीत, ज्याला जमेल त्यानं जमेल तेवढं टाकायचं. आपल्या पंगतीसारखंच. तिथल्या रांगेत उभं राहायची लाज नको. लाज धरून उपाशी राहिलेलं पोर आजारी पडतं आणि औषधात दुप्पट जातं.

घर घेताना

तिथल्या घरांच्या जाहिरातीत साडेतीन, साडेचार असे आकडे असतात. आपल्या माणसाला वाटतं हे काय प्रकरण? तर स्वयंपाकघर, बैठक आणि झोपायची खोली प्रत्येकी एक धरायची, आणि न्हाणीघर म्हणजे अर्धी खोली. बहुतेक भाडेकरार जुलैच्या पहिल्या तारखेपासून पुढच्या जूनअखेरपर्यंत असतात. १ जुलैला निम्मं गाव घरं बदलत असतं आणि लोकांनी टाकून दिलेली टेबलं-खुर्च्या रस्त्याकडेला पडलेल्या असतात.

क्युबेकच्या कायद्यात घरमालकाला अनामत मागता येत नाही. फार तर पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ मागता येतं. करार सरकारनं ठरवून दिलेल्या छापील नमुन्यावरच करावा लागतो. हे पोराला पाठ करून ठेवायला सांगा. कारण 'तीन महिन्यांची अनामत आत्ताच पाठवा, खोली धरून ठेवतो' असं फोनवर सांगणारे भामटे तिथंही आहेत. खोली डोळ्यांनी बघितल्याशिवाय विट्यातून एक रुपया पाठवायचा नाही. पहिले दोन-तीन आठवडे वसतिगृहात किंवा ओळखीच्याकडं काढावेत आणि मग घर बघावं.

आणखी एक शब्द लक्षात ठेवायचा, 'शोफे'. जाहिरातीत हा शब्द असला तर घर गरम ठेवायचा खर्च भाड्यातच धरलेला असतो. नसला तर विजेचं बिल भाडेकरूचं. स्वस्त खोली हिवाळ्यात महाग पडते ती अशी.

थंडी

विट्याला थंडी पडली की आपण शेकोटी करतो आणि पारा दहावर आला म्हणून पेपरात बातमी येते. मॉन्ट्रियलला जानेवारीचं सरासरी तापमान उणे नऊ-दहाच्या आसपास असतं, आणि एखाद्या रात्री ते उणे वीस-पंचवीसपर्यंत उतरतं. वर्षाला साधारण दोन मीटर बर्फ पडतो. म्हणजे उभ्या माणसाच्या डोक्यावरून. तो रोज उचलला जातो म्हणून गाव चालतं. मेट्रो १९६६ सालापासून आहे आणि ती सगळी जमिनीखालून जाते. गावाच्या मध्यभागी जमिनीखाली तीस किलोमीटरहून जास्त लांबीच्या वाटा काढलेल्या आहेत. दुकानं, कचेऱ्या, स्टेशनं त्यांनी जोडलेली आहेत.

इथून पाच-सात हजारांचं जाड जॅकेट घेऊन जायची आपल्या लोकांना हौस असते. ते तिथं उपयोगाला येत नाही. आतले गरम कपडे, लोकरीचे मोजे, कानटोपी इथून न्यावी. वरचा कोट आणि बर्फातले बूट तिथंच घ्यावेत. जुने कपडे विकणारी दुकानं तिथं आहेत, त्यांना 'फ्रिपरी' म्हणतात. चांगला कोट नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळून जातो. तिथले चांगले खातेपिते लोकही तिथं खरेदी करतात, कमीपणा कुणी मानत नाही. बुटात मात्र काटकसर नको. रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, ते साधा बूट खाऊन टाकतं. आणि ओल्या पायानं हिंडलेला माणूस दुसऱ्या दिवशी कामाला जात नाही.

थंडीपेक्षा अवघड असतो अंधार. डिसेंबरात तिथं सव्वाचारला सूर्य मावळतो. उन्हाच्या मुलखातलं पोर सकाळी अंधुकात जातं आणि अंधारात परत येतं. पहिल्या हिवाळ्यात मन खचतं. ते फोनवर सांगत नाही, कारण घरी कर्ज काढलंय हे त्याला ठाऊक असतं. हिवाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्यामागं साडेदहा तास असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. आपण सकाळी साडेसातला चहा पिताना तिथं आदल्या दिवसाचे रात्रीचे नऊ वाजलेले असतात. ती वेळ फोनला चांगली. फोन केल्यावर पहिला प्रश्न 'काम लागलं का' असा नको. 'जेवलास का' हा असू द्या. विद्यापीठात मन मोकळं करायला माणसं नेमलेली असतात. त्यांच्याकडं जाण्यात वेडेपणा नाही, हे बापानं सांगितलं तर पोराला धीर येतो.

दोन भाषा

क्युबेकनं १९७७ साली कायदा करून फ्रेंच ही प्रांताची भाषा केली आणि २०२२ साली तो कायदा आणखी कडक केला. रस्त्यावर थांबायच्या लाल पाटीवर तिथं 'आरे' लिहिलेलं असतं. आपल्याकडचा माणूस म्हणेल, अरे तर अरे, थांबू की! दुकानात शिरलं की 'बाँझूर, हाय' असं दोन्ही भाषांत स्वागत होतं. २०१७ साली तिथल्या विधानसभेनं ठराव केला, की नुसतं बाँझूर म्हणा. भाषेची अस्मिता म्हणजे काय हे सीमाभागाच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला कुणी शिकवायला नको.

वर्गात इंग्रजीवर भागतं. पण दुकानात, हॉटेलात, बेकरीत काम हवं तर फ्रेंच विचारतात. ज्याला दोन वाक्यं येतात त्याला काम आधी लागतं. तेव्हा निघायच्या आधी सहा महिने फ्रेंचची पुस्तकं उघडावीत. अवघड वाटेल, पण एक गंमत सांगतो. फ्रेंच माणूस ऐंशीला 'चार-वीस' म्हणतो. आपली आजी शेंगा मोजताना 'चार विसा' म्हणायची, तेच हे. केरळात जाऊन मल्याळम बोलणाऱ्या, मदुराईत तमिळमध्ये घासाघीस करणाऱ्या चुलत्याचा पुतण्या फ्रेंचला का भ्यावा?

काम किती, कमाई किती

'जाऊ द्या हो, पोरगं तिथं काम करून फी भागवेल,' हे वाक्य ज्या घरात बोललं जातं, तिथं धोक्याची घंटा वाजवा. वर्ग चालू असताना विद्यापीठाबाहेर आठवड्याला २४ तासच काम करता येतं. हा नियम नोव्हेंबर २०२४ चा. क्युबेकमध्ये मे २०२५ मध्ये किमान मजुरी तासाला १६.१० डॉलर ठरली. पूर्ण २४ तास मिळाले तर आठवड्याचे ३८६ आणि चार आठवड्यांचे साधारण १,५४५. त्यातून कपात होते. परीक्षेच्या महिन्यात कामं कमी होतात आणि पहिले काही महिने बहुतेकांना काम लागतच नाही.

म्हणजे सगळं सुरळीत झालं तर पोटापाण्याचं भागेल. फी त्यातून निघत नाही. पहिल्या सहा महिन्यांच्या हिशेबात कमाईचा रकाना कोराच ठेवा. आणि २४ तासांच्या वर रोखीनं काम करून परवाना घालवू नका. वाचलेल्या चार पैशांपायी सगळं शिक्षण जातं.

पैसा कुठून आणायचा?

इथं खरी गोम आहे. साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज हवं तर बँक सहसा तारण मागते. आपल्या माणसाकडं तारणाला काय असतं? रान. पण शेतजमिनीवर थकबाकी वसूल करायला बँकांच्या त्या खास कायद्यात मुभा नाही. म्हणून बहुतेक बँका या कर्जाला सातबारा धरत नाहीत. त्या बिगरशेती प्लॉट, घर किंवा मुदत ठेव मागतात. गावठाणातल्या घराचे कागद आजोबांच्या नावावर, वारस नोंद नाही, वाटणी तोंडी. मग महिना गेला, प्रवेशाची तारीख आली आणि बापानं एकरभर रान मिळेल त्या भावात काढलं. किंवा सावकार गाठला.

टेंभूच्या योजनेला १९९६ साली मंजुरी मिळाली. कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून या माळाला यायला किती वर्षं गेली, किती आंदोलनं झाली, हे आपण बघितलंय. ज्या रानाला आत्ता कुठं पाणी लागलं, ते घाईत विकू नका. पोराला जायचंच असेल तर दीड वर्ष आधी कागद लागायला बसा. वारस नोंदी करून घ्या, घराचा उतारा काढा, मोजणी करा. रान शाबूत राहतं ते अशा वेळेत केलेल्या कामानं.

आणि शिष्यवृत्त्या बघा. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. सारथीमार्फत मराठा-कुणबी समाजासाठी आहे, इतर समाजघटकांसाठीही योजना आहेत. विद्यापीठाचा जागतिक क्रमांक, उत्पन्न, वय यांच्या अटी दरवर्षीच्या जाहिरातीत नीट वाचाव्यात. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा त्यांना महिना साडेअकरा पौंड मिळत होते. घरचं रान विकून गेले असते असं म्हणायला त्यांच्या घरी रानही नव्हतं. शिष्यवृत्ती होती म्हणून देशाला ते शिक्षण मिळालं.

कॉलेज नीट बघा

जानेवारी २०२२ मध्ये क्युबेकमधल्या एकाच मालकीच्या तीन खासगी कॉलेजांनी दिवाळखोरीपासून संरक्षण मागितलं. दोन हजारांच्या आसपास भारतीय विद्यार्थी अडचणीत आले. कुणाची फी अडकली, कुणाचं शिक्षण अर्धवट राहिलं. कुणी तिकडं होते, कुणी इकडं घरी ऑनलाइन वर्गाला बसलेले. ओटावातल्या भारतीय उच्चायुक्तालयाला फेब्रुवारीत जाहीर सूचना काढावी लागली. त्यातली बहुतेक पोरं शेतकऱ्यांच्या घरातली, पंजाब-हरियाणातली. तिथंही किल्ले विकले गेले होते, तिथल्या भाषेत किल्ला म्हणजे एकर.

म्हणून कॉलेज सरकारी विद्यापीठ आहे की खासगी, कॅनडा सरकारच्या यादीत नाव आहे का, त्या अभ्यासक्रमानंतर तिथं काम करायचा परवाना मिळतो का, हे तीन प्रश्न एजंटाला न विचारता पोरानं स्वतः सरकारी संकेतस्थळावर बघावेत. एजंटाचं 'होय' कागदावर नसतं.

रोजकीर्द

गलाईच्या दुकानात दिवस संपला की रोजकीर्द लिहिल्याशिवाय दिवा मालवत नाहीत. आलेलं सोनं किती, आटून निघालं किती, घट किती गेली, चहाला किती गेले. ज्याची रोजकीर्द चोख, त्याचं दुकान टिकलं. पोराच्या पेटीत लोणच्याच्या बरणीशेजारी एक वही टाका आणि रोजचा खर्च रुपयात नव्हे, डॉलरातच लिहायला सांगा. दर वेळी ६५ नं गुणत बसलं तर माणूस सफरचंदसुद्धा घेत नाही आणि नंतर कंटाळून हिशेबच सोडतो. महिन्याला एकदा ती वही बापानं आणि पोरानं फोनवर एकत्र वाचावी. घट कुठं गेली ते दोघांना कळलं पाहिजे, आणि ती सांगताना पोराला भीती वाटता कामा नये.

या आठवड्यात कुणाच्या घरी प्रवेशाचं पत्र आलं असेल तर पेढे जरूर वाटा. त्याच रात्री घरातल्या सगळ्यांनी बसून एका कोऱ्या कागदावर वरचे आकडे आपल्या पोराच्या अभ्यासक्रमाप्रमाणे पुन्हा मांडा. बेरीज जमत असेल तर पोराला खुशाल पाठवा. जमत नसेल तर एक वर्ष थांबा, शिष्यवृत्तीचा अर्ज करा, घराचे कागद लावून घ्या. विद्यापीठ दोनशे वर्षं तिथंच उभं आहे, पुढच्या वर्षीही असेल. विकलेलं रान मात्र त्या भावात परत मिळत नाही.